भंगाराच्या यादीत चुकून गेलेली रिव्हॉल्व्हरं

अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या बाजारात कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन काचेच्या कपाटात, मखमलीवर असतात. हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, हाय स्टँडर्ड, आयव्हर जॉन्सन यांची पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हरं मात्र टेबलाच्या कडेला पडलेली असतात, किमतीची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. त्यातलं एखादं हातात घेतलं की शेजारचा जाणकार हमखास सांगतो, ‘अहो, ते सॅटर्डे नाइट स्पेशल. स्वस्तातलं भंगार. ठेवा खाली.’

या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या धातूंच्या आणि वेगवेगळ्या लायकीच्या वस्तू एका पोत्यात कोंबलेल्या असतात. सांगणारे बहुतेक वेळा बंदुकांची आवड असलेलेच लोक असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

पोत्यातली पहिली वस्तू 1870 नंतरची. सिलिंडरला आरपार भोक पाडून त्यात मागच्या बाजूनं काडतूस भरायचं, या कल्पनेचं पेटंट रोलिन व्हाइट यानं 1855 साली घेतलं होतं. स्मिथ अँड वेसननं ते वापरायचा हक्क मिळवला, प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे 25 सेंट द्यायचं कबूल केलं आणि 1857 साली आपलं पहिलं सात गोळ्यांचं पॉइंट टू-टू बाजारात आणलं. पेटंट 1869 साली संपलं. मुदत वाढवून मिळावी म्हणून व्हाइटनं काँग्रेसपर्यंत धडक मारली, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते विधेयक फेटाळलं. मग न्यू इंग्लंडमधल्या डझनावारी कारखान्यांनी खिशात मावतील अशी छोटी रिव्हॉल्व्हरं धडाधड ओतायला घेतली. ‘ब्लू जॅकेट’, ‘स्वाँप एंजल’, ‘ट्रॅम्प्स टेरर’ अशी भडक नावं, चापाभोवती कडी नाही, पोलाद जेमतेम. संग्राहक त्यांना ‘सुइसाइड स्पेशल’ म्हणतात. डंकन मॅककॉनेल यांनी 1948 साली ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात लिहिलेल्या लेखानं ते नाव रूढ झालं. ही रिव्हॉल्व्हरं काळ्या बारुदीच्या काळातली आहेत. ती कपाटात शोभतात, त्यांतून आजचं काडतूस उडवायचं नसतं.

दुसरी वस्तू 1960 च्या दशकातली. जर्मनीच्या रोम कंपनीची जस्ताच्या मिश्रधातूची रिव्हॉल्व्हरं तेव्हा अमेरिकेत ढिगानं येत होती. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टनं अशा आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा सुटे भाग आणून मायामीत जुळणी सुरू झाली. 1981 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच जातीच्या आरजी-14 मधून. बदनामी झाली ती मुख्यतः या मालाची आणि ती रास्त होती.

तिसरी वस्तू म्हणजे ज्यांच्याविषयी हा लेख आहे ती, साधारण 1930 ते 1985 या काळातली अमेरिकी रिव्हॉल्व्हरं. ती पहिल्या दोघांच्या पंगतीत कशी बसवली गेली, हे मला आजवर पटलेलं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसननं अमेरिकी लष्करासाठी पाच लाखांहून अधिक एम-14 रायफली बनवल्या. कनेक्टिकटमधल्या हाय स्टँडर्डची सुरुवात 1926 साली झाली ती बंदुकीच्या नळ्यांना लांब, सरळ भोकं पाडणारे ड्रिल बनवण्यापासून, म्हणजे या धंद्यातल्या सगळ्यात कटकटीच्या कामापासून. 1960 साली सोव्हिएत हद्दीत अमेरिकेचं यू-2 हेरविमान पाडलं गेलं, तेव्हा वैमानिक गॅरी पॉवर्सच्या सामानात आवाज दाबणारं पॉइंट टू-टू पिस्तूल निघालं. तेही हाय स्टँडर्डचंच. असे कारखाने स्वस्त वस्तू बनवतात तेव्हा पोलाद कुठं वापरायचं आणि कुठं नाही वापरलं तरी चालतं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

स्वस्ताईचं खरं कारण काडतुसात आहे. रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ काठात भरलेला असतो. फायरिंग पिन त्या काठावर आपटते, काठ चेचला जातो आणि मसाला पेटतो. काठ चेचला जायचा तर पितळ पातळ हवं आणि पितळ पातळ असलं की दाब फार चढवता येत नाही. पॉइंट टू-टू लाँग रायफलची दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला 24,000 पौंड आहे. त्यातच पुंगळीचं बूड इवलंसं, त्यामुळे मागच्या पत्र्यावर बसणारा एकूण धक्का किरकोळ. म्हणून सांगाडा हलका चालतो, यंत्रणा साधी चालते आणि सहाऐवजी नऊ गोळ्यांची जागा निघते.

हॅरी सेफ्रीड यांनी आखलेलं हाय स्टँडर्डचं सेंटिनल 1955 साली आलं, ते या हिशेबाचा उत्तम नमुना आहे. सांगाडा ॲल्युमिनियमचा, सिलिंडर आणि नळी पोलादाची, गोळ्या नऊ. ‘ॲल्युमिनियम म्हणजे तेच जस्त’ असं म्हणणाऱ्यांनी इलिनॉय राज्याचा कायदा बघावा. 800 अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे सुमारे 427 सेल्सिअसच्या आत वितळणाऱ्या ओतीव सांगाड्याचं पिस्तूल तिथं दुकानदाराला विकता येत नाही. जस्ताचा मिश्रधातू त्याआधीच पाणी होतो. शुद्ध ॲल्युमिनियमला 660 सेल्सिअस लागतात. भंगार ओळखायला सरकारनं लावलेली ही कसोटी सेंटिनलला अडवत नाही. हॅरिंग्टनचे सांगाडे तर पोलादाचेच असत.

दोष होते, ते लपवायचं कारण नाही. सुरुवातीच्या सेंटिनलमध्ये पुंगळ्या ढकलणारी दांडी स्प्रिंगनं परत येत नसे, बोटानं मागे ओढावी लागे. हॅमर न उचलता नुसता चाप ओढला तर तो जड लागतो, तीन-चार फैरींत बोट दुखतं. हॅरिंग्टनच्या 922 मध्ये सिलिंडर बाजूला उघडत नाही. मधली पिन उपसायची, सिलिंडर हातात घ्यायचा आणि त्याच पिनेनं एकेक पुंगळी बाहेर ढकलायची. शनिवारी दुपारी शेतात डबे उडवायला निघालेल्या माणसाला या संथपणाचं काही वाटत नसे.

याच कारखान्याचं 999 स्पोर्ट्समन एकदा उघडून पाहावं. मागच्या नेमाच्या खाचेजवळचा खटका दोन बोटांत धरून उचलला की नळी आणि सिलिंडर एकत्र पुढे झुकतात. झुकता झुकता सिलिंडरच्या मधून एक चांदणी वर येते आणि नऊच्या नऊ पुंगळ्या एकदम उचलून धरते. मनगट जरा तिरकं केलं की त्या गळून पडतात आणि चांदणी टक्कन आत बसते. इतकी नीट जुळवलेली यंत्रणा टेबलाच्या कडेला पडून असते, हेच तर या छंदाचं आकर्षण. नामांकित कोल्टच्या एका नगाच्या पैशांत अशी चार-पाच घेता येतात, काडतुसं बाजारात सगळ्यात स्वस्त, आणि खरचटेल म्हणून जीव खाली-वर होत नाही. गंमत म्हणजे यांतली कित्येक सीअर्सच्या दुकानांतून ‘जे. सी. हिगिन्स’ या छापानं विकली गेली. तो छाप पाहून नाक मुरडणाऱ्याला आत हाय स्टँडर्डचं यंत्र आहे याचा पत्ता नसतो.

भंगार ओळखायचं ते नावावरून नव्हे, हातानं. आधी सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहायचं. मग एक बोट सिलिंडरवर हलकं टेकवून हॅमर सावकाश मागे घ्यायचा. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकेपर्यंत सिलिंडरही जागेवर अडकला पाहिजे. तो रेंगाळत असेल, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळीचं शिसं खरवडलं जातं आणि बाजूनं उडतं. हे प्रत्येक घरासाठी वेगळं तपासायचं, कारण नवापैकी एखादंच घर चुकार असू शकतं. नळीतून उजेडाकडे पाहिल्यावर काळं कडं दिसलं, तर अडकलेल्या गोळीवर कुणीतरी दुसरी झाडलेली आहे. अशा नगाला मात्र खुशाल भंगार म्हणावं. अगदी जुन्या हॅरिंग्टनमध्ये आणखी एक गोष्ट पाहायची. 1930 च्या सुमारास वेगवान काडतुसं आली, त्यानंतर काडतुसाचा काठ सिलिंडरच्या आत बुडेल अशी खाचेची घरं रूढ झाली. बिनखाचेच्या सिलिंडरमध्ये काठ उघडा राहतो. फाटलाच तर गरम वायू आणि पितळेचे कण बाहेर येतात. असा नग असेल तर साध्या वेगाचीच काडतुसं वापरावीत.

बाकीचे गैरसमज तसे लहान, पण काही जिवावर बेतणारे.

‘पॉइंट टू-टू म्हणजे खेळणं.’ 5 जून 1968 रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसिडर हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या आयव्हर जॉन्सनच्या कॅडेट नावाच्या आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून, याच स्वस्त घराण्यातल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. काडतुसांच्या डब्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो, तो उगाच नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला ऑलिंपिक कांस्य जिंकलं, ते याच पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसावर, 50 मीटरवरून. नेमबाज राही सरनोबतच्या स्पोर्ट्स पिस्तुलातही तेच असतं. याला खेळणं म्हणणाऱ्यानं एकदा नेमबाजीच्या मैदानावरची शिस्त पाहून यावी.

‘पॉइंट टू-टू सगळं सारखंच.’ शॉर्ट काडतूस लाँग रायफलच्या घरात चालतं. 1959 साली आलेल्या मॅग्नमची पुंगळी मात्र जाड असते. मॅग्नमच्या घरात लाँग रायफल सैल बसतं आणि पुंगळी फाटते. जोडीला दोन सिलिंडर असलेलं रिव्हॉल्व्हर घेतलंत, तर कुठला कशाचा ते आधी पाहा.

‘रिकामं चालवलं तर काय बिघडतं?’ रिमफायरमध्ये काडतूस नसलं की बहुतेक जुन्या नगांची पिन थेट घराच्या कडेवर आपटते. कड दबते, बुरा उठतो आणि मग काडतूस आत शिरत नाही.

‘जुनं म्हणजे महाग.’ जुनं म्हणजे जुनं. ही रिव्हॉल्व्हरं लाखांनी बनली. किंमत चढते ती मूळ डबा, मूळ मुठी आणि न घासलेल्या मुलाम्यामुळे. चमकवायला घासलंत तर ती उतरते.

‘जुन्याला परवाना लागत नाही.’ इथं अमेरिकेतले मराठी तरुण हमखास फसतात. 1898 किंवा त्याआधी बनलेलं हत्यार तिथल्या संघराज्याच्या कायद्यात ‘अँटिक’ ठरतं, पण राज्यांचे नियम निराळे असतात. 1955 चं सेंटिनल कितीही म्हातारं दिसलं तरी कायद्याच्या नजरेत ती पूर्ण बंदूकच आहे. एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्यानं मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. मित्राच्या टेबलावरून हौसेनं उचललेलं स्वस्त रिव्हॉल्व्हर व्हिसा घालवू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमातली सूट, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशाच जुनाट हत्याराला आहे. आजोबांच्या कपाटातलं चालू रिव्हॉल्व्हर वयामुळे त्यात बसत नाही.

आणि शेवटचा, ज्यानं माणसं खरोखर जायबंदी केली आहेत: ‘सहा घरं आहेत, सहाही भरा.’ रुगरचं सिंगल-सिक्स 1953 साली आलं, तेव्हापासून 1973 पर्यंतच्या नगांत हॅमर आणि पिन यांच्यामध्ये सुरक्षापट्टी नव्हती. हॅमरखाली भरलेलं घर असताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटून हॅमरवर पडलं, तर गोळी सुटू शकते. अशात पाचच भरायची आणि हॅमर रिकाम्या घरावर उतरवायचा. रुगर कंपनी आजही या जुन्या नगांत पट्टी फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग पिशवीत घालून परत पाठवते. ते भाग टाकू नका. पुढचा घेणारा रिव्हॉल्व्हरबरोबर तेही मागतो.