किरकोळ भाजण्यावरील घरगुती उपचार आणि व्रणनियंत्रण : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

भाजणे ही घराघरांत घडणारी दुर्घटना आहे. कुकरची वाफ, कढईतून उडालेले तेल, सांडलेला चहा, इस्त्रीचा चटका, दुचाकीच्या सायलेन्सरला टेकलेली पोटरी, दिवाळीतील फुलबाजी अशी तिची नित्याची कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार व्यक्ती भाजल्यामुळे मृत्युमुखी पडतात, तर भारतात दहा लाखांहून अधिक व्यक्ती मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. ज्या लहान जखमा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांची मोजदाद कोठेही होत नाही. मात्र अशा जखमांचा व्रण अनेकदा आयुष्यभर राहतो. बोटाच्या सांध्यावर आखडलेली त्वचा लिहिण्यास व काम करण्यास अडथळा आणते. चेहऱ्यावरील डाग आत्मविश्वासावर परिणाम करतो.

कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी या मुंबईच्या पूर्व उपनगरांतील चाळी, वसाहती व झोपडवस्त्या यांचा विचार केल्यास हा प्रश्न अधिक ठळक होतो. एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास व झोप. स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी मुलांच्या हाताच्या उंचीवर. नळाला ठरावीक वेळीच येणारे पाणी. अशा घरात भाजल्यानंतरचा पहिला उपचार डॉक्टर करत नाही, तर जवळ असलेली आई, आजी किंवा शेजारीण करते. तिच्या हातून पहिल्या काही मिनिटांत काय घडते, यावर पुढील व्रण बऱ्याच अंशी अवलंबून असतो. म्हणूनच या उपचारांचा शास्त्रीय विचार आवश्यक ठरतो.

उद्दिष्टे

१. भाजल्यानंतर त्वचेत घडणारे बदल व व्रण निर्माण होण्याची कारणे स्पष्ट करणे.
२. प्रचलित घरगुती उपायांची महाराष्ट्रात झालेल्या संशोधनाच्या आधारे तपासणी करणे.
३. व्रण कमी राहावा यासाठी घरी करावयाच्या उपचारांचा क्रम मांडणे व डॉक्टरांकडे केव्हा जावे हे सांगणे.

व्रण का पडतो?

त्वचेचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन मुख्य थर आहेत. केवळ बाह्यत्वचा भाजली तर त्वचा लाल होते, आग होते, आणि काही दिवसांत ती व्रणाविना बरी होते. अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजला तर फोड येतात. केसांची मुळे व घर्मग्रंथी यांच्या अस्तरातील पेशी शाबूत असल्याने नवी बाह्यत्वचा तेथून पसरते आणि जखम साधारणतः दोन आठवड्यांत भरून येते. अंतस्त्वचा खोलवर जळाली तर मात्र या पेशीही नष्ट होतात. मग शरीर कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाने पोकळी भरून काढते. हे तंतू गरजेपेक्षा अधिक तयार झाले की जाड, लालसर व खाजरा उठावदार व्रण निर्माण होतो.

जखम भरून येण्यास लागणारा काळ आणि व्रण यांचा संबंध अमेरिकेतील डाइच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिला. त्यांच्या अभ्यासात १४ ते २१ दिवसांत भरलेल्या जखमांपैकी सुमारे एक तृतीयांश जखमांवर उठावदार व्रण आला. २१ दिवसांहून अधिक काळ लागलेल्या जखमांत हे प्रमाण ७८ टक्के होते. याचा अर्थ असा की, व्रण टाळण्याचा खरा उपाय म्हणजे जखम खोल होऊ न देणे व ती लवकर भरू देणे. व्रण पडल्यानंतर लावावयाच्या मलमांचे स्थान त्यानंतरचे आहे.

जखम 'खोल होऊ न देणे' हा शब्दप्रयोग विचित्र वाटण्याचा संभव आहे, कारण जे भाजले ते भाजले, अशी सर्वसाधारण समजूत असते. इंग्लंडमधील शल्यविशारद जॅक्सन यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार भाजलेल्या जागी तीन वर्तुळे असतात. मध्यभागी पूर्णतः मृत झालेला भाग, त्याभोवती रक्तप्रवाह मंदावलेला भाग आणि सर्वांत बाहेर केवळ लाल झालेला भाग. मधल्या वर्तुळातील पेशी मरणाच्या सीमेवर असतात. योग्य उपचार मिळाल्यास त्या वाचतात. उष्णता टिकून राहिली, जखम कोरडी पडली किंवा जंतुसंसर्ग झाला तर त्या मरतात, आणि उथळ जखम एक-दोन दिवसांत खोल होते. घरगुती उपचारांचे सारे यशापयश या मधल्या वर्तुळात ठरते.

पहिली वीस मिनिटे : पाणी

ज्वाळा विझली किंवा गरम पदार्थ बाजूला झाला तरी त्वचेत शिरलेली उष्णता लगेच निघून जात नाही. ती काढून घेण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे साधे, थंड, वाहते पाणी. भाजलेला भाग २० मिनिटे अशा पाण्याखाली धरावा. अपघात होऊन काही वेळ गेला असला तरी तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे सुमारे अडीच हजार भाजलेल्या मुलांच्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २० मिनिटे पाण्याचा उपचार मिळालेल्या मुलांना त्वचारोपणाची गरज लक्षणीय प्रमाणात कमी भासली, असे आढळले.

नळाला पाणी नसेल तर बादली किंवा पिंपातील स्वच्छ पाणी तांब्याने संथ धारेने ओतत राहावे. गच्चीवरील टाकीतून भर दुपारी येणारे पहिले पाणी तापलेले असते, ते वाहून जाऊ द्यावे. बर्फ मात्र कटाक्षाने टाळावा. अतिथंडपणामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व मधल्या वर्तुळाचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. पाणी ओतत असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढावे, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. लहान मुलाचे उरलेले अंग कोरडे व उबदार ठेवावे.

स्वयंपाकघरातील उपाय : महाराष्ट्रातील संशोधन

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कच्च्या बटाट्याचा कीस यांपैकी काहीतरी लावण्याची प्रथा सर्वदूर आहे. या प्रथांची केवळ अंधश्रद्धा म्हणून बोळवण करणे योग्य नाही; त्यांपैकी काहींची परीक्षा महाराष्ट्रातीलच वैद्यकांनी केली आहे आणि तिचे निष्कर्ष उद्बोधक आहेत.

परळ येथील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीविषयीचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. उकडलेल्या बटाट्यांच्या साली पट्टीच्या कापडावर ओळीने चिकटवून व निर्जंतुक करून ती पट्टी जखमेवर बांधली जाई. पुढे १९९० मध्ये ऊती व जंतूंच्या तपासणीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सालीमुळे जखम कोरडी पडत नाही व नवी त्वचा लवकर येते, असे त्यात दिसले. मात्र जंतूंना मारण्याचा गुण सालीत आढळला नाही. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी २००३ मध्ये निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची तुलना बटाट्याच्या सालीशी केली. दोहोंचा परिणाम सारखाच ठरला. केळीचे पान मात्र अधिक स्वस्त व तयार करण्यास सोपे होते.

सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये मधाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. प्रत्येकी ५२ रुग्णांच्या दोन गटांपैकी एकास मध व दुसऱ्यास सिल्व्हर सल्फाडायझिन हे प्रचलित मलम लावण्यात आले. मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. जगभरातील अशा चाचण्यांचा २०१५ मध्ये घेण्यात आलेला कॉक्रन आढावाही, अंतस्त्वचेपर्यंतच्या उथळ जखमा मधाने नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे चार ते पाच दिवस लवकर भरतात, असे नोंदवतो.

या संशोधनाचा नेमका बोध काय? साल, पान व मध यांत समान असलेला गुण म्हणजे जखम ओलसर व झाकलेली ठेवणे. लंडन येथील जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून, झाकलेल्या ओलसर जखमेवर नवी बाह्यत्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरते, हे सिद्ध केले होते. खपली धरली म्हणजे जखम बरी होत आहे, ही समजूत त्यामुळे मागे पडली. दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे. रुग्णालयातील साल व पान निर्जंतुक केलेले होते. घरातील कच्च्या बटाट्याचा कीस, बाजारातील मध किंवा मसाल्याच्या डब्यातील हळद तशी नसते. तत्त्व तेच असले तरी वस्तू तीच नव्हे. म्हणून फुटलेल्या फोडावर या वस्तू लावणे हितावह नाही. टूथपेस्ट त्वचेचा दाह वाढवते, तूप उष्णता अडवून ठेवते, आणि शाई व हळद जखमेचा मूळ रंग झाकत असल्याने डॉक्टरांना तिची खोली ओळखणे कठीण जाते.

पुढील दोन आठवडे : जखमेची निगा

पाण्याने थंड केल्यावर भाग स्वच्छ फडक्याने हलके टिपावा. लहान फोड फोडू नयेत. फोडाची साल हीच निसर्गाची निर्जंतुक पट्टी होय. फोड आपोआप फुटल्यास जखम साध्या साबणाने व पिण्याच्या पाण्याने धुवावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवून वरून सैल बँडेज बांधावे. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू चिकटतात. पट्टी ओली किंवा मळकी झाली की बदलावी. चिकटली असल्यास पाण्याने भिजवून सोडवावी. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हे तपासावे.

सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरे मलम अनेक घरांत प्रत्येक चटक्यावर लावले जाते. उथळ जखमांत ते नव्या त्वचेच्या वाढीस विलंब करते, असे अलीकडील आढावे सांगतात. त्यामुळे त्याचा वापर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.

जखम भरल्यानंतर

नवी त्वचा कोवळी, कोरडी व खाजरी असते. भारतीय त्वचेत रंगद्रव्य अधिक सक्रिय असल्याने भाजलेल्या जागी काळसर किंवा फिकट डाग दीर्घकाळ राहतात. अशा वेळी पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

ऊन टाळणे : किमान वर्षभर तो भाग कपड्याने झाकावा किंवा ३० वा अधिक संरक्षणांकाचे क्रीम लावावे.

स्निग्धता व मर्दन : सौम्य क्रीम किंवा खोबरेल तेलाने दिवसातून दोन-तीन वेळा हलके चोळावे. खाज कमी होते व त्वचा मऊ राहते.

सिलिकॉन : व्रण जाड होऊ लागल्यास सिलिकॉनची जेल किंवा पट्टी रोज बारा तासांहून अधिक काळ, दोन-तीन महिने वापरतात. तिच्याविषयीचा पुरावा मर्यादित असला तरी ती निर्धोक आहे.

हालचाल : बोटे, मनगट, कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी, अन्यथा त्वचा आखडते.

'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून लावण्याची पद्धत मात्र निरुपयोगी आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तिचा व्रणावर लाभ दिसला नाही. उलट सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या त्वचेस दाह झाला. व्रण पक्व होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. पहिल्या काही महिन्यांत तो अधिक लाल दिसतो. त्यामुळे निराश होऊन उपचार सोडू नयेत.

घरगुती उपचारांची मर्यादा

जखम रुग्णाच्या बोटांसह तळहाताहून, म्हणजे शरीराच्या सुमारे एक टक्का पृष्ठभागाहून मोठी असल्यास. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजल्यास. त्वचा पांढरी, चामड्यासारखी वा वेदनाहीन झाल्यास. वीज किंवा रसायनामुळे इजा झाल्यास डॉक्टरांकडे त्वरित जावे. रुग्ण पाच वर्षांखालील, वृद्ध, गरोदर किंवा मधुमेही असल्यास जखम लहान असली तरी हाच नियम लागू होतो. ताप, पू, वाढती सूज ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. दोन आठवड्यांत न भरलेली जखम तज्ज्ञास दाखवलीच पाहिजे, कारण व्रणाचा धोका याच टप्प्यापासून झपाट्याने वाढतो. कांजूरमार्ग परिसरातील नागरिकांना घाटकोपर येथील राजावाडी रुग्णालय, तसेच मुलुंडमार्गे खाडीपूल ओलांडून ऐरोली येथील नॅशनल बर्न्स सेंटर ही ठिकाणे तुलनेने जवळची आहेत.

समारोप

किरकोळ भाजण्यावरील घरगुती उपचारांचे सार तीन शब्दांत सांगता येते : पाणी, आच्छादन, संयम. यांपैकी एकही गोष्ट महागडी नाही. महाराष्ट्रातील संशोधकांनी बटाट्याची साल, केळीचे पान व मध यांच्या परीक्षणातून परंपरेतील सुज्ञ भाग आणि धोकादायक भाग वेगळे करून दाखवले. हे ज्ञान वैद्यकीय नियतकालिकांतून घरातील शेगडीपर्यंत पोहोचवण्याचे काम अद्याप अपुरे आहे, आणि त्यात महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत व उपाहारगृहात वाहत्या पाण्याची सोय, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक, वसतिगृहांत माहितीफलक हे उपक्रम सहज शक्य आहेत. वर्गातील विद्यार्थ्याने 'वीस मिनिटे पाणी' एवढे दोनच आकडी सूत्र घरी नेले, तरी एखाद्या मुलीच्या हातावरील व्रण टळू शकेल.