शाईतलं वलय
मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात काळी इंडिया इंक मिसळायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. सगळा काळोख, आणि त्यात ठिकठिकाणी लखलखीत वलयं. प्रत्येक वलयाच्या मधोमध एक इवलीशी पेशी, एखादीला बाजूने कोंब फुटलेला. शाईला आत शिरू न देणारं ते वलय म्हणजे शर्करेच्या साखळ्यांचा बुळबुळीत, जाड थर. ही बुरशी, क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत, मातीत, झाडांच्या ढोलीत तिचा मुक्काम. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद पेटला की तिचंही नाव निघतं. श्वासावाटे ती अनेकांच्या फुप्फुसात जाते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्ती तिला तिथेच दाबून ठेवते. पण एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे १००च्या खाली घसरल्या, किंवा अवयवरोपणानंतरची औषधं चालू असली, की ती उचल खाते. आणि मग तिची धाव मेंदूकडे.

खरं तर माणसाला आजारी पाडून तिच्या हाती काहीच लागत नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, आपल्या शरीरात शिरली की अडकली. मग एवढी हत्यारं तिच्याकडे आली कुठून? संशोधकांना पटलेलं उत्तर मला थक्क करतं: अमिबाशी लढता लढता. मातीत अमिबा तिला गिळायला टपलेला असतो. गिळलं गेल्यावरही पचायचं नाही, उलट आतच वाढायचं, ही कला ती तिथे शिकली. आपल्या मॅक्रोफेज पेशीही जंतूंना तशाच गिळतात, आणि तिथे तीच कला कामी येते. कधी ती मॅक्रोफेजमधून अलगद बाहेर पडते आणि गिळणारी, गिळलेली अशा दोघीही जिवंत राहतात. मेंदूला रक्तापासून जपणारी भिंत ओलांडतानाही ती कधीकधी याच पहारेकऱ्याच्या पोटात बसून जाते.

मेंदूत डोपामिनसारखी रसायनं असतात. आपली हालचाल, आपला आनंद ज्यावर चालतो, त्याच डोपामिनपासून ती मेलॅनिन घडवते आणि स्वतःच्या भिंतीला चिलखतासारखं चढवते. इकडे तिच्या अंगावरून सुटलेला बुळबुळीत थर मेंदूतल्या पाण्याच्या वाटा तुंबवतो. दाब चढतो, डोकं असह्य ठणकतं, नजर धूसर होते. अशा वेळी सुईने पाठीतलं पाणी काढणं, गरज पडली तर रोज काढणं, हाच मोठा उपचार ठरतो.

तिच्यावरचं मुख्य औषधही मातीतलंच. अँफोटेरिसिन बी हे व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूकडून १९५०च्या दशकात मिळालं. पूर्वी ते दिवसचे दिवस शिरेतून द्यावं लागे आणि मूत्रपिंडं बेजार होत. आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२मध्ये आले: या औषधाच्या लायपोसोमल प्रकाराचा एकच मोठा डोस, जोडीला दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल, एवढ्याने जुन्या उपचाराइतकाच गुण येतो आणि त्रासही कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी हा उपचार स्वीकारला.

शाईत चमकणारा तो थर रक्तातही उतरतो, तेही डोकं दुखायला लागण्याच्या कित्येक आठवडे आधी. एका साध्या पट्टीवर दहा मिनिटांत तो ओळखता येतो. संसर्ग तेव्हाच सापडला आणि पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं, तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांनी मेंदूपर्यंतची वाट बहुतेकदा अडवता येते.