बीज आणि भूमी : कर्कपेशींचे स्राव

निपाणीच्या काळ्या रानात तंबाखू कसा येतो, हे या सभागृहातील अनेकांना वक्त्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बी कितीही जोमदार असले, तरी भूमीने साथ दिल्यावाचून ते रुजत नाही. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये हाच विचार कर्करोगाच्या प्रसाराविषयी मांडला. कर्कपेशी हे बी आणि शरीरातील अवयव ही भूमी. पुढील संशोधनाने त्यात मोलाची भर घातली : हे बी अनुकूल भूमीची वाट पाहत बसत नाही, आपल्या स्रावांनी ती घडवून घेते.

या स्रावांतील प्रथिनांची तीन कामे येथे पाहू. पहिले पाण्याचे. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढण्यासाठी अर्बुदाला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, असे प्रतिपादन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये केले. प्राणवायू कमी पडू लागला की कर्कपेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिनीला नवे फाटे फुटतात. जणू दुसऱ्याच्या पाटाचे पाणी आपल्या वाफ्यात वळवावे. दुसरे काम बांध फोडण्याचे. एमएमपी नावाची विकरे पेशींभोवतीचे कोलॅजेनचे जाळे तोडतात. त्यांतील पुष्कळशी कर्कपेशीच्या चिथावणीने शेजारच्या पेशीच स्रवतात. तिसरे काम राखणदाराला झोपविण्याचे. टीजीएफ-बीटा हे प्रथिन आरंभी पेशींच्या वाढीला आवर घालते. पुढे तेच रोगप्रतिकारक पेशींना निष्प्रभ करते.

यांतील एकही प्रथिन शरीराला परके नाही. जखम भरून येताना हीच प्रथिने राबतात आणि जखम भरताच थांबतात. कर्करोगात ती थांबत नाहीत. म्हणूनच उपचार अवघड होतो. व्हीईजीएफला अडविणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले. परंतु एक पाट बंद केला, की अर्बुद पुष्कळदा दुसरा शोधते.

मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुखाचा कर्करोग आणि तंबाखूची सवय यांच्या संबंधाचा अभ्यास केला. ज्या पिकाच्या रास्त दरासाठी १९८१ मध्ये निपाणीचे शेतकरी महामार्गावर बसले, ज्याच्या विड्या वळून येथील कित्येक मातांनी मुलांना शाळेत धाडले, त्याविषयी हे बोलणे सोपे नाही. दोष कष्टकऱ्यांचा नाही. तथापि तंबाखूतील रसायने पेशींच्या जनुकांवर घाव घालतात, हे सत्य त्यामुळे बदलत नाही.

बांध फुटण्यापूर्वीचा काळ मात्र आपल्या हाती आहे. मुखाचा कर्करोग बहुधा आरशात दिसतो. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पुरते न उघडणारे तोंड यांपैकी काहीही आढळल्यास, दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभी ते सहसा दुखतच नाही. मानेत गाठ लागते, तेव्हा बी अनेकदा पुढच्या रानात पोहोचलेले असते. तंबाखू सोडावा आणि तोंड वेळीच वैद्यांना दाखवावे, हेच या विवेचनाचे सार.