अंगठा लॉक करा, खात्यातले पैसे सांभाळा



कापूस-मक्याचे पैसे आता थेट खात्यात येतात. एटीएम कार्ड चोरीला गेलं तरी एटीएममधून पैसे काढायला चोराला पिन लागतो. अंगठ्याने पैसे काढताना मात्र आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढंच पुरतं. पिन बदलता येतो, अंगठा नाही.

खरेदीखतावरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याचे गुन्हे देशात उघडकीस आलेत. म्हणून आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये बोट जिवंत माणसाचंच आहे का, हे तपासणारी नवी यंत्रणा आणली. तरी आपलं कुलूप आपण लावावं.

१) आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा.

२) लॉक असताना रेशन, केवायसीलाही ठसा चालणार नाही. जाण्याआधी उघडा, काम झालं की परत लावा.

३) "ठसा आला नाही, परत लावा" म्हटलं, तर आधी मोबाईलवरचा मेसेज बघा, पावती मागा.

४) न काढताच पैसे गेले, तर लगेच १९३० ला फोन करा, बँकेत लेखी तक्रार द्या. तुमची चूक नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नुकसान तुमच्यावर येत नाही. उशीर केला तर अडचण.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधारही आजच लॉक करून द्या.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, शेंद्रा