एक ‘चार्ज’, अर्थ अनेक

पनवेलला आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींच्या घरी एका संध्याकाळी रडारड झाली. मुलगा तळोजा एम.आय.डी.सी.त कामाला. कामावरून येताना त्याने एक इंग्रजी कागद आणला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘चार्जशीट’ असे छापलेले होते. मावशींनी हा शब्द आजवर पोलीस-कोर्टाच्या बातम्यांतच ऐकलेला. पोरावर केस झाली, आता पोलीस येणार, या धास्तीने त्या माउलीने दोन घासही खाल्ले नाहीत. पोराने घाबरून कागद ट्रंकेत टाकला.

चौथ्या दिवशी तो कागद घेऊन आमच्याकडे आला. वाचून पाहिले तर पोलिसांचा काही संबंधच नव्हता. कामावर वारंवार उशिरा येण्याचा आरोप होता आणि सात दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. हातात तीन दिवस उरले होते. खुलासा लिहिला, पोच घेतली आणि नोकरी राहिली. पण कागद ट्रंकेतच राहिला असता तर?

वाचकहो, हा ‘चार्ज’ शब्द आपल्या घरात दिवसातून दहा वेळा येतो. मोबाइल चार्जला लाव, डॉक्टर किती चार्ज करतो, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, मोर्चावर लाठीचार्ज झाला. शब्द एकच, पण कुठे वीज, कुठे पैसे, कुठे जबाबदारी, तर कुठे मार! इंग्रजी शिकणारी आपली मुले इथेच गोंधळतात.

यातून वाट काढायची तर शब्दाच्या मुळाशी जावे. लॅटिन भाषेत गाडीला ‘कारुस’ म्हणत. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचा शब्द झाला आणि तोच फ्रेंच भाषेतून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आला. ‘कार’ आणि ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर माल चढताना आपण पाहतोच. तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवा. चार्ज म्हणजे भार, ओझे.

आता आपल्या मराठीकडे पाहा. अधिकारी चार्ज घेतो, त्याला आपण पदभार म्हणतो. सरचार्जला अधिभार म्हणतो. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतभार आहे. बँकेचे कर्ज असेल तर सातबाऱ्यावर बोजा चढतो, तोही चार्जच. आरोप म्हणजे माणसावर ठेवलेला ठपक्याचा भार. आणि भार उतरला की ‘डिस्चार्ज’. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की आपण आनंदाने घरी येतो; पण कंपनीच्या पत्रात ‘डिस्चार्ज’ असेल, तर ते नोकरीतून कमी केल्याचे पत्र असू शकते. म्हणून हा शब्द दिसला की कागद दोनदा वाचा.

इंग्रजीत अर्थ ठरतो तो बहुधा शेजारच्या लहान शब्दावरून. ‘चार्ज्ड विथ’ आले की आरोप ठेवला. ‘चार्ज्ड फॉर’ आले की बहुधा पैसे आकारले. ‘चार्ज्ड ॲट’ म्हणजे अंगावर धावून गेला. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे जबाबदारी सांभाळणारा. पण मध्ये एक ‘द’ घालून ‘इन द चार्ज ऑफ’ केले की अर्थ उलटतो, दुसऱ्याच्या ताब्यात असलेला! ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे मोफत. तेव्हा मुलांनी सुटा शब्द पाठ करू नये, त्याचे शेजारी पाहून वाक्य पाठ करावे.

आपल्या संविधानातही हा शब्द आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या या संविधानाच्या अनुच्छेद ११२ मध्ये राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांचे वेतन देशाच्या एकत्रित निधीवर ‘चार्ज्ड’ आहे असे म्हटले आहे. मराठीत त्याला भारित खर्च म्हणतात. अनुच्छेद ११३ नुसार अशा खर्चावर संसदेत चर्चा होऊ शकते, पण तो मताला टाकता येत नाही. म्हणजे निकाल आवडला नाही म्हणून बहुमताच्या जोरावर न्यायाधीशाचा पगार अडवता येऊ नये. एका शब्दात केवढा बंदोबस्त!

आणि पोलिसांनी न्यायालयात दाखल केलेली चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र, तीही शिक्षा नव्हे. पुढे न्यायालय आरोप निश्चित करते, साक्षीपुरावा होतो आणि मग निकाल लागतो. कंपनीची असो वा पोलिसांची, चार्जशीट म्हणजे आरोप. आरोपाला उत्तर देता येते. मात्र ते वेळेत दिले पाहिजे.

माता-भगिनींनो, घरात एक वही करा. कंपनी, बँक, दवाखाना, वीज कार्यालय, कुठलाही इंग्रजी कागद आला की त्यातला अडलेला शब्द पूर्ण वाक्यासह मुलांना त्या वहीत लिहायला लावा. अर्थ शब्दकोशात पाहा, शिक्षकांना विचारा. न समजलेल्या कागदावर सही करू नका आणि कळला नाही म्हणून कागद दडवूही नका.

त्या मावशींच्या घरी आज अशी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मुलाने लिहिलेला पहिला शब्द आहे ‘चार्ज’. त्याखाली मावशींनी स्वतःच्या हाताने, साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरांत लिहिले आहे: भार.