अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५-अ : न्यायालयात फिर्यादीची जागा

अॅट्रॉसिटी कायद्याचा विषय निघाला की वस्तीत काय आणि कचेरीत काय, चर्चा एकाच मुद्द्यावर येऊन अडते : आरोपीला अटकपूर्व जामीन मिळावा की नाही? हा वाद क्षुल्लक नाही. परंतु त्याच्या धुरळ्यात याच कायद्यातील एक महत्त्वाचे कलम झाकले गेले आहे. आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना त्याची माहिती असणे अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

प्रथम वादाची हकिकत थोडक्यात. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली संमत झाला व ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्याच १९९० साली १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तेव्हा धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले म्हणून या कायद्याचे संरक्षण जात नाही. मात्र जातीचा दाखला वेळीच काढून ठेवलेला बरा. प्रसंग ओढवल्यावर तहसील कचेरीचे हेलपाटे नकोत.

या कायद्याच्या १८व्या कलमाने अटकपूर्व जामिनाचा मार्ग बंद केला आहे. २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी सैल केली. गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी घ्यावी, असे निर्देशही दिले. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून चौकशीची व मंजुरीची अट काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ वैध ठरविले. मात्र तक्रारीवरून सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाला बंदी राहणार नाही, असेही त्याच निकालात सांगितले.

आरोपी सुटले म्हणजे खटले खोटे होते, असा युक्तिवाद या वादात हमखास ऐकू येतो. तो मला पटत नाही. पुरावा कमी पडणे आणि तक्रार खोटी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, साक्षीदार त्याच गावात, त्याच मालकाच्या शेतावर राबत असतो. तो फितूर का झाला, हे निकालपत्रात लिहिलेले नसते.

नेमक्या याच दुखण्यासाठी २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. एरवी फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला, तो केवळ एक साक्षीदार उरतो. १५-अ ने त्याला न्यायालयात जागा दिली. जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा त्याला अधिकार आहे. जामीन, आरोपमुक्तता, पॅरोल, शिक्षा यांच्या सुनावणीत त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे व ते लेखीही देता येते. दडपणापासून संरक्षण, येण्याजाण्याचा व निर्वाहाचा खर्च, गरज पडल्यास स्थलांतर, या तरतुदीही तेथेच आहेत. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी राजस्थानातील एका खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या नातलगांना सूचना न देता मंजूर झालेला जामीन रद्द केला आणि ही तरतूद बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या संस्थांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. पीडिताला स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांचे साहाय्य घेण्याचा हक्क याच कलमाने दिलेला आहे. म्हणजे संस्थेचा कार्यकर्ता फिर्यादीसोबत पोलीस ठाण्यात गेला, तर तो कोणाच्या कामात लुडबूड करीत नाही.

मी वकील नाही. माझी नोकरी बँकेच्या काउंटरवरची. तेथे शंभर रुपये भरणारा माणूससुद्धा शिक्का मारलेली काउंटरपावती हातात पडल्याशिवाय हलत नाही. तोच माणूस पोलीस ठाण्यातून मात्र तक्रार देऊन रिकाम्या हाताने परत येतो! वास्तविक कलम ४ नुसार तोंडी दिलेली खबर सहीपूर्वी वाचून दाखविणे, ती नोंदविणे आणि नोंदलेल्या खबरीची प्रत देणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातींपैकी नसलेल्या लोकसेवकाने त्यात जाणूनबुजून कसूर केल्यास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद आहे. मात्र त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. तपास नियमाप्रमाणे किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असावा लागतो. हेही विचारून घ्यावे, कारण तपासी अधिकारी कोण यावरून खटल्यात तांत्रिक हरकती निघतात.

अर्थसाहाय्याबद्दलही गैरसमज आहे. २०१६ च्या सुधारित नियमांत ते गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत ठरविले. बहुतेक गुन्ह्यांत ते गुन्हा नोंदविल्यावर, दोषारोपपत्र गेल्यावर आणि शिक्षा झाल्यावर अशा टप्प्यांनी मिळते. ही खैरात नव्हे आणि तडजोडीची किंमत तर मुळीच नव्हे. पैसे घेतले म्हणून फिर्याद संपत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच समजावून द्यावे.

विशेष न्यायालयाच्या जामिनाबाबतच्या आदेशावर कलम १४-अ खाली ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. तेथेही फिर्यादीला ऐकून घ्यावे लागते. खालच्या न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनाची प्रत, तारीख व पोच यांसह, त्या वेळी वकिलाच्या हाती देता आली पाहिजे.