तोटा कुणाच्या खात्यावर?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक काकू उशिरा आल्या. एकट्या नव्हत्या. शेजारची एक तरुण बाई सोबत होती. कपाळ मोकळं, कडेवर मूल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी. काकू म्हणाल्या, ''ताई, हिचा नवरा खाणीत कामाले होता. दोन महिने झाले जाऊन, आजारानं. घरचे म्हणतात, नोकरी नको मागू, महिन्याचे पैसे घे. मी हिले म्हटलं, सही कराच्या आधी ताईले विचार. मी नाही विचारलं, ते आज भोगतो.''

काकूंची गोष्ट मला माहीत होती. 2018 साली त्यांचे यजमान असेच गेले. काकू तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या, पदरी एक मुलगी. खाण कामगार नोकरीत असताना गेला, की कोळसा वेतन करारानुसार त्याच्या बायकोला हक्क असतो. वय पंचेचाळीसच्या आत असेल तर ती स्वतः नोकरी घेऊ शकते, किंवा नोकरीऐवजी साठाव्या वर्षापर्यंत दरमहा ठराविक रक्कम. काकूंना नोकरी हवी होती. पण दीर म्हणाले, ''कंपनी तोट्यात आहे. आज नोकरी लागेल, उद्या खाणच बंद पडेल, मग काय करशील? आणि बाईमाणसानं खाणीत जायचं?'' काकूंनी सही केली.

कंपनी तोट्यात आहे, हे दीर खोटं बोलले नव्हते. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली डब्ल्यूसीएल, 2017-18 या आर्थिक वर्षात खरोखरच तोट्यात होती. पण 'तोटा' या शब्दाचा अर्थ काय, तो कशानं झाला, त्यानं नोकरी जाते का, हे काकूंना कुणीच सांगितलं नाही. मलाही तेव्हा कुठं कळत होतं? बी.ए.ला अर्थशास्त्र होतं, पण ते परीक्षेपुरतं! नंतर मी खाणीतल्या लोकांना विचारत गेले, वाचत गेले. जे समजलं ते सांगते.

आपल्या खाणी 1973 साली सरकारच्या ताब्यात आल्या आणि 1975 मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. डब्ल्यूसीएल ही तिचीच एक मुलगी. पूर्वी कोरब्याच्या खाणीही हिच्याकडे होत्या. तिथं कोळशाचे थर जाड, वरची माती कमी. 1985 मध्ये बिलासपूरची वेगळी कंपनी झाली आणि कोरबा तिकडे गेला. वाटणीत सुपीक शेत थोरल्याला आणि खडकाळ धाकट्याला जावं, तसंच झालं म्हणा ना. आमच्या भागात कोळसा काढायचा तर आधी ढीगभर माती उपसावी लागते. घुग्घुस, वणी, सास्तीकडे गेलात तर रस्त्याच्या कडेला मातीचे डोंगर दिसतात. तो सगळा खर्चच की!

दुसरं कारण भूमिगत खाणी. आज कोल इंडियाचा अगदी थोडाच कोळसा जमिनीखालून येतो, पण तिथं माणसं खूप लागतात. एक टन कोळशामागे पगाराचा खर्च उघड्या खाणीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून तोटा झाला की पहिली नजर भूमिगत खाणीवर जाते.

तिसरं कारण आपल्या घरातलंच. महिनाभर उधारीवर किराणा देणाऱ्या दुकानदाराची जी अवस्था, तीच कोळसा कंपनीची. मोठं गिऱ्हाईक म्हणजे वीज केंद्रं. 2022 च्या उन्हाळ्यात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा महाराष्ट्रासह काही राज्यांच्या वीज कंपन्यांकडे कोल इंडियाची किती थकबाकी आहे, याची पेपरात चर्चा होती. माल गेला, पैसे अडकले.

आणि 2017-18 चं म्हणाल तर त्या वर्षी नवा वेतन करार लागू झाला, शिवाय ग्रॅच्युइटीची मर्यादा दहा लाखांवरून वीस लाखांवर गेली. त्यासाठी कोल इंडियाला मोठी रक्कम बाजूला काढून ठेवावी लागली. पोरीच्या लग्नासाठी एकदम पैसे काढले की त्या महिन्याचा हिशेब कोलमडतो. त्याचा अर्थ घर बुडालं असा होत नाही.

बुडायला आलेल्या कंपन्याही तरल्या आहेत. झारखंडमधली भारत कोकिंग कोल आणि बंगालमधली ईस्टर्न कोलफिल्ड्स या दोघी तर आजारी उद्योगांच्या मंडळाकडे, बीआयएफआरकडे, गेल्या होत्या. तोटा इतका साचला होता, की स्वतःचं भांडवलही पुसून गेलं होतं. तरी त्या बंद पडल्या नाहीत. आपल्या डब्ल्यूसीएलनं 2023-24 मध्ये सुमारे 69 दशलक्ष टन कोळसा काढला आणि ती नफ्यातही होती.

मग तोट्याची झळ कुणालाच बसली नाही का? बसली. 2010 च्या सुमारास कोल इंडियात चार लाखांच्या आसपास कायम कामगार होते, 2024 पर्यंत ते सव्वादोन लाखांच्या घरात आले. निवृत्त झालेल्यांच्या जागी सगळीकडे नवे कायम कामगार आले नाहीत, ठेकेदाराची माणसं आली. आमच्या गटातल्या निम्म्या घरांतली मुलं अशाच कामावर आहेत. त्यांना ना क्वार्टर, ना कायम कामगारासारखा दवाखाना. बाहेरून पाहिलं तर डंपर तोच, धूळही तीच!

आणि बायका? एके काळी वॅगनमध्ये टोपल्यांनी कोळसा भरणाऱ्या बाया होत्या. यंत्रं आली, टोपल्या गेल्या. मग खास महिलांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. आईनं नोकरी सोडायची, मुलाला लावायचं. किती आयांनी हौसेनं सोडली आणि किती जणींनी घरच्यांच्या दडपणानं, हे कोण मोजणार? जमिनीखाली काम करायची तर बायकांना कायद्यानं बंदीच होती. 2019 मध्ये ती काही अंशी उठली, तांत्रिक आणि देखरेखीच्या जागांसाठी, तीही दिवसा.

म्हणजे बघा, कंपनीचा तोटा ताळेबंदात एक-दोन वर्षं दिसतो आणि पुसला जातो. पण त्या तोट्याच्या भीतीनं काकूंनी केलेली सही पुसली जात नाही. कंपनी सावरली, काकू आहेत तिथंच आहेत. दरमहा येणारी रक्कम कायम नोकरीच्या पगाराच्या जवळपासही जात नाही. त्या करारात लहान मुलाचं नाव अठरा वर्षांचा होईपर्यंत राखून ठेवायची सोय होती. काकूंना मुलगी आहे. तशी सोय मुलीसाठी नव्हती.

त्या दिवशी आम्ही सतरंजीवरच त्या तरुण बाईचे कागद पसरले. ती चौतीस वर्षांची, बारावी पास. नवऱ्याच्या सेवा पुस्तकात तिचं नाव आहे की नाही, तिला माहीत नव्हतं. पीएफच्या अर्जात वारस म्हणून सासूबाईंचंच नाव. लग्नानंतर बदलायचं राहून गेलं होतं. किती घरांत हे असं राहून जातं!

म्हणून मैत्रिणींनो, तुमचे यजमान खाणीत असोत, एसटीत असोत, की बँकेत, एका रविवारी त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा. सेवा पुस्तकात माझं आणि मुलांचं नाव आहे का? आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांत नावं सारखी आहेत का? पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटीचा वारस कोण? अभद्र बोलू नका म्हणतील. म्हणू द्या. आणि कुणी 'कंपनी तोट्यात आहे' म्हणून सही मागितली, तर एवढंच म्हणा, ''दोन दिवस द्या, मी विचारून सांगते.''

ती तरुण बाई जाताना काकूंच्या पाया पडली. तिनं नोकरीचा अर्ज भरला आहे. उत्तर अजून यायचं आहे. काकू मात्र रोज संध्याकाळी तिच्या दारात जाऊन विचारतात, ''आला का गं कागद?''